पालो आल्टो ते पाबळ : स्क्रोलबारच्या रचनेचा इतिहास

पडद्यावर एका वेळी मावत नाही एवढा मजकूर, यादी किंवा चित्र सरकवून पाहता यावे म्हणून विंडोच्या कडेला जी पट्टी असते, ती स्क्रोलबार. वापरणाऱ्याला ती एकच वस्तू दिसते. तिची रचना करणाऱ्याला मात्र तीन निरनिराळी कामे सांभाळावी लागतात : एकूण मजकुराची लांबी माहीत असणे, त्यातला कोणता भाग सध्या दिसतो आहे हे लक्षात ठेवणे, आणि हाताची हालचाल त्या स्थितीत उतरवणे. कार्यक्रम एकाच यंत्रणेपुरता असेल तर ही कामे त्या यंत्रणेच्या रीतीने उरकतात. तोच कार्यक्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालवायचा झाला, की यांतले कोणते काम यंत्रणेकडे सोपवायचे आणि कोणते स्वतःकडे ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो. विंडो, बटणे, याद्या यांचे तयार भाग पुरवणाऱ्या लायब्रऱ्यांनी या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लहान यंत्रांची प्रयोगशाळा, सुरू झाली. अशा प्रयोगशाळांसाठी पुढे जे सॉफ्टवेअर तयार होत गेले, त्यात या उत्तरांपैकी तीन एकामागून एक आलेली दिसतात.

स्क्रोलबार घडला तो कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात. १९७० च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग, लॅरी टेस्लर यांच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा आणि तिच्याबरोबर विंडोंचा पडदा उभा केला. त्यातली पट्टी विंडोच्या डाव्या कडेला असे, आणि ती विंडो वापरात असेल तेव्हाच बाहेर येई. तिच्यावरचा ठोकळा दिसणाऱ्या भागाच्या प्रमाणात लहानमोठा होई, म्हणजे मजकूर किती उरला आहे हे नजरेलाच कळे. इतकी चांगली कल्पना पुढच्या दोन दशकांत कित्येक यंत्रणांनी टाकून दिली आणि मग पुन्हा उचलली. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला. त्याचा पडदा ५१२ × ३४२ ठिपक्यांचा होता. पट्टी उजवीकडे आणि तळाशी, दोन टोकांना बाण, आणि ठोकळा कायम एकाच मापाचा. पान एक असो की शंभर, ठोकळा तेवढाच. प्रमाणात बदलणारा ठोकळा मॅकवर १९९८ च्या ८.५ आवृत्तीत आला. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजमध्येही ठोकळा ठरीव मापाचा होता, तो विंडोज ९५ पर्यंत.

मॅकिंटॉशच्या रचनेत स्क्रोलबार हा एक सुटा कंट्रोल होता. त्याला किमान, कमाल आणि सध्याची किंमत असे तीन आकडे दिले की तो ठोकळा योग्य जागी काढी. मजकूर सरकवणे हे मात्र कार्यक्रम लिहिणाऱ्याचे काम. ही विभागणी सरळ आणि स्वच्छ होती, पण तिच्यात एक खोच राहिली : तिन्ही आकडे १६ बिटांचे, म्हणजे ३२,७६७ च्या वर जात नसत. विंडोजमध्येही ठोकळा ओढला जात असताना कार्यक्रमाला मिळणाऱ्या संदेशात स्थितीसाठी १६ बिटांचीच जागा होती. युनिक्सवरच्या एक्स विंडो यंत्रणेत पडद्यावरचे अंतर मोजणारे आकडेही तेवढेच. ओळीची उंची १६ पिक्सेल धरली, तर ३२,७६७ पिक्सेलमध्ये २,०४७ ओळी बसतात. उंची २४ पिक्सेल झाली तर १,३६५. मोठ्या गावाच्या खातेदारांची यादी त्याच्या पुढे सहज जाते. यंत्रणेने दिलेल्या विंडोच्या पोटात आणखी एक प्रचंड विंडो ठेवायची आणि ती वरखाली सरकवायची, ही सर्वांत सोपी रचना या मर्यादेमुळे लांब मजकुरासाठी निकामी ठरे. नॉर्वेतील हावार्ड नॉर्ड आणि आयरिक चांबे-एंग यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या क्यूट लायब्ररीत स्क्रोल व्ह्यू नावाचा भाग होता. त्याच्या मार्गदर्शिकेत या मर्यादेची ताकीद आणि तिच्यातून सुटण्याचा मार्ग दोन्ही दिले होते : सगळा मजकूर विंडो म्हणून न मांडता, दिसणारा तुकडाच तेवढा मागून घेऊन रेखाटायचा.

मापांपेक्षा चालीरीतींचा घोळ मोठा होता. एक्स यंत्रणेच्या कर्त्यांनी साधने द्यायची, पण वापराची रीत ठरवून द्यायची नाही, असे धोरण ठेवले होते. त्यामुळे तिच्यावरच्या अथीना विजेट्समध्ये पट्टी डावीकडे असे, माऊसचे डावे बटण मजकूर पुढे नेई, उजवे मागे आणि मधले ठोकळा ओढी. मोटिफमध्ये पट्टी उजवीकडे. नेक्स्ट संगणकावर पट्टी डावीकडे आणि दोन्ही बाण एकाच टोकाला शेजारी शेजारी. मोकळ्या पट्टीवर क्लिक केले तर मॅक आणि विंडोजवर एक पान सरके. नेक्स्टवर ठोकळा थेट त्या जागी उडी घेई. विंडोजमध्ये ठोकळा ओढताना माऊस पट्टीपासून फार दूर गेला तर ठोकळा मूळ जागी परत येतो; इतरांकडे तसे होतेच असे नाही. जुन्या मॅकवर ओढताना नुसती बाह्यरेषा हले, आणि मजकूर बटण सोडल्यावर सरके. लायब्ररी लिहिणाऱ्याला यांतल्या प्रत्येक रीतीची दखल घ्यावी लागे, कारण वापरणाऱ्याचा हात सवयीने चालतो आणि सवय मोडली की दोष कार्यक्रमालाच लागतो.

यावर दोन पंथ निघाले. पहिल्याने यंत्रणेचाच स्क्रोलबार घेतला आणि त्यावर समान नावांचा पातळ थर चढवला. एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली सुरू केलेले डब्ल्यूएक्सविंडोज (पुढे डब्ल्यूएक्सविजेट्स) याच वाटेने गेले. त्यांच्या सरकत्या विंडोला एका पायरीला किती पिक्सेल आणि एकूण पायऱ्या किती एवढे सांगायचे. बाकीचे यंत्रणा बघून घेई. फायदा असा की विंडोजवर कार्यक्रम विंडोजसारखाच वागे. तोटा असा की सर्व यंत्रणांत समान असेल तेवढेच लायब्ररीला बिनधास्तपणे देता येई. जावाच्या जानेवारी १९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीतील एडब्ल्यूटीने हाच मार्ग धरला आणि तिला हा तोटा फार जाचला. दुसऱ्या पंथाने स्क्रोलबार स्वतःच रेखाटला आणि यंत्रणेच्या रूपाची नक्कल केली. क्यूटने पहिल्यापासून तेच केले, आणि जावाने डिसेंबर १९९८ मध्ये स्विंग आणून पंथ बदलला.

या वादाइतकीच महत्त्वाची, पण कमी चर्चेतली गोष्ट स्विंगच्या आत होती. पट्टीचे रूप बाजूला ठेवून तिचे गणित एका स्वतंत्र वस्तूत ठेवले होते : किमान, किंमत, दिसणाऱ्या भागाची लांबी आणि कमाल. नियम एकच, किंमत अधिक दिसणारी लांबी कमालपेक्षा मोठी होता कामा नये. पट्टी, मजकूर, माऊसचे चाक, कळफलक हे सगळे या एका वस्तूशी बोलत, एकमेकांशी नाही. जीटीके लायब्ररीतील अ‍ॅडजस्टमेंट नावाची वस्तू नेमकी याच कामाची. विसंगत चालीरीतींच्या गर्दीत हे चार आकडे सगळीकडे तेच राहतात, आणि टिकून राहिलेल्या बहुतेक रचना त्यांच्यावर उभ्या आहेत.

याचे सर्वांत साधे आणि बहुधा सर्वांत देखणे रूप टीके या लायब्ररीत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉन ऑस्टरहौट यांनी ती टीसीएल भाषेच्या जोडीला आधी एक्स यंत्रणेसाठी लिहिली. ते १९९४ मध्ये सन कंपनीत गेल्यावर तिथल्या गटाने १९९६ साली ती विंडोज आणि मॅकवरही नेली. टीकेमध्ये स्क्रोलबार आणि मजकूर हे दोन सुटे विजेट. पट्टी हलली की ती मजकुराला फक्त ‘अमुक अपूर्णांकापाशी जा’ किंवा ‘इतक्या ओळी, इतकी पाने सरक’ एवढे कळवते. मजकूर सरकला की तो पट्टीला दोन अपूर्णांक कळवतो : दिसणाऱ्या भागाचा आरंभ आणि शेवट, शून्य आणि एक यांच्या दरम्यान. यापलीकडे एकाला दुसऱ्याची काहीच माहिती नसते. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपूर्वी हा निरोप ओळींच्या संख्येत जात असे. अपूर्णांक आल्यावर मजकूर, चित्र, यादी यांतला फरक पट्टीच्या दृष्टीने संपला. एकीकडे नावांची यादी आणि दुसरीकडे क्षेत्राची, अशा दोन याद्या एकाच पट्टीने बरोबरीने सरकवणे टीकेत दोन-चार ओळींचे काम आहे. इतर लायब्रऱ्यांत त्यासाठी बराच खटाटोप करावा लागे.

फॅब लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे हीच टीके आली. पाबळच्या विज्ञान आश्रमाची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली केली. खाद्यतंत्रज्ञानाचे हे संशोधक हिंदुस्थान लिव्हरमधील नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू भागात आले. शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत करत शिकवायचे, त्यातूनच गावाला सेवा द्यायच्या, अशी त्यांची पद्धत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नील गर्शनफेल्ड संगणकाने चालणाऱ्या लहान यंत्रांची प्रयोगशाळा सामान्य माणसांपर्यंत न्यायच्या खटपटीत होते. त्यांच्या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून पाबळचा उल्लेख होतो. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रम आणि लॅब दोन्ही चालू राहिली.

फॅब लॅबच्या कामात चित्र आणि यंत्र यांच्यामध्ये एक कार्यक्रम लागतो. सर्किटचे चित्र वाचायचे, हत्यार कोणत्या रेषेने फिरेल ते ठरवायचे, आणि तो मार्ग यंत्राच्या भाषेत पाठवायचा. यासाठी गर्शनफेल्ड यांनी कॅम.पाय हा कार्यक्रम पायथन भाषेत लिहिला आणि त्याचा पडदा टीकेइंटरने, म्हणजे पायथनमधून वापरायच्या टीकेने, उभा केला. निवड समजण्याजोगी होती. प्रत्येक लॅबमध्ये संगणक वेगळा, कुठे विंडोज, कुठे लिनक्स. टीके पायथनबरोबरच येई आणि दोन्हींवर चाले. शिवाय टीकेच्या कॅनव्हास विजेटमध्ये चित्राची संपूर्ण व्याप्ती एकदा सांगून ठेवता येते, आणि त्या व्याप्तीचा कोणता तुकडा दिसतो आहे ते कॅनव्हास स्वतःच पट्टीला कळवतो. इंचाचा हजारावा भाग ज्या कामात महत्त्वाचा आहे, तिथे चित्र मोठे करून कोपरान् कोपरा तपासावा लागतो. तिथे या सोयीचे मोल कळते.

पुढची पिढी फॅब मोड्यूल्सची. प्रत्येक रूपांतर हा सी भाषेतला लहान, स्वतंत्र कार्यक्रम, आणि त्यांवर डब्ल्यूएक्सविजेट्सचे पायथन रूप वापरून काढलेला पडदा. मॅट कीटर यांचा कोकोपेली हा आराखडे काढण्याचा कार्यक्रमही त्याच लायब्ररीवर होता. म्हणजे टीकेकडून लॅबचे सॉफ्टवेअर यंत्रणेचेच कंट्रोल वापरणाऱ्या पहिल्या पंथाकडे आले. त्यानंतर सगळे ब्राउझरमध्ये गेले. मॉड्स या आजच्या कार्यक्रमात प्रत्येक क्रिया ही एका मोठ्या पटलावरची चौकट असते, चौकटी तारांनी जोडायच्या आणि पटल हवे तिकडे सरकवायचे. ब्राउझर हीदेखील एक सर्वत्र चालणारी लायब्ररीच आहे. मजकूर चौकटीबाहेर गेला तर काय करायचे, हे १९९८ च्या सीएसएस-२ पासून एका ओळीत सांगता येते.

मराठी मजकूर पडद्यावर आला तेव्हा स्क्रोलच्या गणितातले एक जुने गृहीतक उघडे पडले. इंग्रजीत सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या धरून ओळींची संख्या गुणिले उंची असा हिशेब चाले. पुण्यातील सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली तेव्हाही पडदा ८० रकाने आणि २५ ओळींचाच होता, म्हणून तो हिशेब जुळला. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आली, आणि तिच्याबरोबर रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट. वरच्या मात्रा, रफार आणि अनुस्वार, खालचे उकार आणि जोडाक्षरे या सर्वांना जागा द्यायची म्हणून मंगलची ओळ उंच आहे. ती उंची योग्यच आहे. रोमन अक्षरांच्या मापात देवनागरी कोंबली की वाचणाऱ्याचे हाल होतात. परिणाम असा की इंग्रजी आणि मराठी नावे मिसळलेल्या यादीत काही ओळी उंच, काही बुटक्या झाल्या. एकूण लांबी मोजायची तर प्रत्येक ओळीची अक्षरे आधी जुळवून पाहावी लागतात, आणि दहा हजार ओळींसाठी ते काम क्षणात होत नाही.

टीकेने २००७ च्या ८.५ आवृत्तीत यावर एक समंजस तोडगा काढला. मजकूर ओळीऐवजी पिक्सेलच्या हिशेबाने सरकू लागला, आणि न पाहिलेल्या ओळींची उंची पडद्यामागे सावकाश मोजली जाऊ लागली. मोजणी पुढे जाईल तसा ठोकळा आपली जागा दुरुस्त करतो. खंत अशी की लिनक्सवर टीकेला देवनागरीची जोडाक्षरेच नीट जुळवता येत नसत. जीटीके आणि क्यूट या बाबतीत खूप पुढे गेल्या, आणि रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी लोहित फॉन्ट व भारतीय लिप्यांवर केलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे.

दरम्यान हाताची हालचालच बदलली होती. मायक्रोसॉफ्टचा चाक असलेला इंटेलिमाऊस १९९६ साली आला. चाकाच्या एका खटक्याला विंडोजने १२० हा आकडा दिला, पुढे अधिक बारीक चाके निघाली तर खटक्याचे भाग पाडता यावेत म्हणून. एक्स यंत्रणेने चाकाला माऊसचे चौथे आणि पाचवे बटण मानले. खटका एक तर झाला, नाही तर नाही. क्यूटने चाक किती फिरले हे अंशाच्या आठव्या भागात मोजायचे ठरवले : खटका १५ अंशांचा, म्हणून १५ गुणिले ८, पुन्हा १२०. लायब्ररीतली अशी एखादी छोटीशी एकवाक्यता हजारो कार्यक्रम लिहिणाऱ्यांचे श्रम वाचवते.

जून २००७ मध्ये आयफोन विक्रीला आला आणि पट्टी धरून ओढण्याचा प्रश्नच मागे पडला. बोट थेट मजकुरावर. सोडल्यावर मजकूर वेगाने पुढे जातो आणि हळूहळू थांबतो. टोकाला पोचला की थोडा ताणला जाऊन परत येतो. ही शेवटची कल्पना अ‍ॅपलमधील बास ऑर्डिंग यांची. तिचे अमेरिकी पेटंट डिसेंबर २००८ मध्ये मंजूर झाले आणि पुढे सॅमसंगबरोबरच्या खटल्यात ते गाजले. अँड्रॉइडने ताणण्याऐवजी टोकाला चमक दाखवली, आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ताण आणला. पट्टी उरली ती फक्त खूण म्हणून, सरकत असतानाच दिसणारी. २०११ मध्ये मॅकवरही तीच पद्धत आली. मोठ्या पडद्यावर पट्टी लपवणे हे मागे घेतलेले पाऊल म्हणावे लागेल, कारण खाली आणखी मजकूर आहे हे पाहणाऱ्याला कळण्याची सर्वांत साधी सोय त्यामुळे गेली.

दौंड आणि शिरूरच्या शेतकऱ्याला ही अडचण सातबारा पाहताना जाणवते. गाव नमुना सात आणि बारा मिळून बनलेला हा उतारा कागदाच्या रुंद पानासाठी आखलेला आहे. सामायिक खात्यात नावांची रांग लांबते, पिकांचे रकाने आडवे पसरतात. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधून उसाची, कांद्याची नोंद शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून करू लागला. उन्हात, लहान पडद्यावर, लपलेली पट्टी असताना उजवीकडे आणखी रकाने आहेत हे कळायचे कसे? आणि अर्ज स्वतः सरकणारा, त्यात आणखी एक सरकणारी यादी, अशी मांडणी असेल तर बोटाची हालचाल कोणाची मानायची? अँड्रॉइडने २०१४ पासून यासाठी रीतसर नियम केला : आतली यादी हालचाल स्वीकारण्याआधी बाहेरच्या भागाला विचारते, हवे तेवढे अंतर तो घेतो, उरलेले आतली वापरते, आणि तिच्या टोकाला उरले तर ते पुन्हा बाहेर जाते.

डिसेंबर २०१८ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या फ्लटर लायब्ररीने दुसऱ्या पंथाची रीत फोनवर आणली. सगळे स्वतः रेखाटायचे, आणि सरकण्याची गती मात्र यंत्रणेप्रमाणे बदलायची : आयफोनवर ताणून परतणारी, अँड्रॉइडवर टोकाला अडणारी. गती ही एक सुटी वस्तू आहे, यादीला ती कोणतीही जोडता येते. स्विंगने चार आकडे वेगळे काढले तसे इथे हालचालीचे भौतिकशास्त्र वेगळे निघाले. लांब यादीतल्या दिसणाऱ्या ओळीच तेवढ्या बांधल्या जातात आणि एकूण लांबीचा अंदाज बांधलेल्या ओळींच्या सरासरीवरून काढला जातो. मराठी आणि रोमन मिसळलेल्या यादीत तो अंदाज चुकतो आणि सरकताना ठोकळा उड्या मारतो. त्यावर फ्लटरमध्ये दोन उपाय आहेत. यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच उंची आधी सांगून टाकता येते, आणि मजकुराच्या ओळीला लिपी कोणतीही असली तरी ठरीव उंचीचा आधार लावता येतो. मग खातेदाराचे देवनागरी नाव आणि रोमन अक्षरांतला संकेतांक एकाच यादीत आले तरी एकूण लांबी साध्या गुणाकाराने निघते; फक्त ती उंची ठरवताना माप देवनागरीच्या मात्रा-उकारांचे घ्यावे लागते.